राजीनाम्याचा निर्णय आणि मराठी कादंबरी : ‘चांगदेव चतुष्टय’ व ‘बारोमास’ यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मराठी कादंबरीत नोकरदार माणूस विपुल आढळतो. परंतु नोकरीच्या निर्णयाचा विचार मात्र मराठी समीक्षेत तुरळकच झालेला आहे. कारकून, मास्तर, तलाठी, प्राध्यापक अशा पात्रांची चर्चा मध्यमवर्गाचे चित्रण, ग्रामीण वास्तव किंवा अस्तित्ववादी जाणीव या सदरांखाली होते. ज्या कामाने माणूस दुःखी होतो ते काम त्याने सोडावे की धरून ठेवावे, हा प्रश्न या चर्चेत प्रायः बाजूला पडतो. वास्तविक हा प्रश्न साधा नाही. त्यात पोट आहे, प्रतिष्ठा आहे, घरच्यांची आशा आहे आणि स्वतःविषयीची प्रतिमाही आहे. मराठवाड्यासारख्या प्रदेशात, जिथे एका नोकरीवर संपूर्ण कुटुंबाचा हिशेब उभा असतो, तिथे राजीनाम्याचा कागद हा केवळ वैयक्तिक कागद राहत नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या १९७५ ते १९७९ या काळात प्रकाशित झालेल्या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा एका गावातून दुसऱ्या गावात, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाणारा इंग्रजीचा प्राध्यापक आहे. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या कादंबरीचा नायक एकनाथ हा एम. ए., बी. एड. होऊनही नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा आहे. पहिला नोकरी सोडतो, दुसऱ्याला ती मिळतच नाही. हे दोन नायक एकमेकांसमोर ठेवले असता नोकरी सोडण्याच्या निर्णयाचे जे रूप दिसते, त्याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व गृहीतक

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. एक, नोकरी सोडण्याच्या कृतीकडे पाहण्याची मराठी समाजाची पारंपरिक दृष्टी तपासणे. दोन, चांगदेव पाटील याच्या नोकरी सोडण्यामागील नैतिक भूमिका आणि तिला आधार देणारी सामाजिक परिस्थिती यांचा संबंध स्पष्ट करणे. तीन, ‘बारोमास’च्या साहाय्याने त्या भूमिकेच्या मर्यादा दाखविणे.

नोकरी सोडणे ही वरकरणी व्यक्तीच्या स्वभावातून घडणारी कृती दिसत असली, तरी सोडता येणे ही एक सामाजिक सोय आहे. ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, असे या लेखाचे गृहीतक आहे.

‘राजीनामा’ : शब्द आणि संस्कार

‘राजीनामा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘राजी’ म्हणजे खूष किंवा संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख. म्हणजे मूळ अर्थाने हे संमतिपत्र आहे. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या व्यवहारात ‘राजीनामा’ आणि ‘कबुलायत’ ही जोडी रूढ होती. जमिनीवरचा कब्जा सोडणारा राजीनामा देत असे आणि ती घेणारा कबुलायत लिहून देत असे. सोडणे हे कोणाच्या तरी घेण्याशी जोडलेले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आजच्या नोकरीतील राजीनाम्यात मात्र बहुधा राजीपणाचा लेश नसतो. नाराजीच्या कागदाला राजीनामा म्हणावे लागते, ही भाषेने केलेली थट्टा नव्हे. मनातली नाराजी कागदावर येता कामा नये, हा कचेरीचा जुना शिरस्ता त्यातून सूचित होतो.

म्हणी आणि वाक्प्रचारही या संदर्भात बोलके आहेत. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण नोकरीला शेवटच्या पायरीवर बसवते. याउलट ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणे’ हा सोडणाऱ्यावरचा टोमणा आहे. नोकरी गेली की ‘पोटावर पाय आला’ म्हणतात आणि ती स्वाभिमानाने सोडली की ‘लाथ मारली’ म्हणतात. म्हणजे सोडणारा एक तर मूर्ख असतो, पीडित असतो किंवा वीर असतो. विचार करून, दुःखाचे माप घेऊन, शांतपणे सोडणाऱ्यासाठी मराठीत रूढ असा वाक्प्रचार नाही. ही उणीव केवळ शब्दकोशाची नाही. ज्या कृतीला नाव नसते तिचा विचारही समाज नीट करीत नाही.

ध्येयासाठी सोडणे : एक पूर्वपीठिका

वीराच्या बाजूला मराठी परंपरेने मोठी पुंजी जमविली आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. त्याच शाळेच्या परिवारातून १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. पुढे १८९० च्या डिसेंबरमध्ये लोकमान्य टिळकांनी सोसायटीचाच राजीनामा दिला. आजीव सदस्यांनी आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामे व प्राप्ती घेऊ नये, हा त्यांचा आग्रह होता आणि सहकाऱ्यांना तो त्याच अर्थाने मान्य नव्हता. टिळकांचे ते प्रदीर्घ राजीनामापत्र तक्रारीपेक्षा तत्त्वाचे पत्र म्हणून ओळखले जाते. आगरकरांनी मात्र उलट बाजूने निर्णय घेतला. त्यांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकत्व सोडले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. परंतु महाविद्यालय सोडले नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. एकाच संस्थेतील दोन मित्रांपैकी एकाने संस्था सोडली आणि दुसऱ्याने वर्तमानपत्र. दोघांच्याही निर्णयाला इतिहासाने मान दिला, कारण दोन्ही निर्णय ‘कशासाठी तरी’ होते.

मराठवाड्यातही हीच परंपरा आहे. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, योगेश्वरी विद्यालयात शिक्षणकार्य करीत होते. १९३८ मध्ये ते काम बाजूला ठेवून ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरले. त्यांच्याच नावाचे विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झाले. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात उमरीचे नाव ३० जानेवारी १९४८ च्या बँक प्रकरणामुळे कायमचे नोंदले गेले. घर, शाळा, वकिली, नोकरी टाकून लढ्यात गेलेल्यांच्या आठवणी या भागात आजही आदराने सांगितल्या जातात.

या परंपरेचा एक परिणाम मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही. ध्येयासाठी सोडणे हा त्याग ठरल्यामुळे दुःखासाठी सोडणे हा दुबळेपणा ठरला. ‘मला इथे गुदमरते’ हे कारण पुरेसे मानले गेले नाही. मराठी कादंबरीनेही बराच काळ हाच दंडक पाळला. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) तरुण मास्तर गाव सोडतो तो कंटाळून नव्हे. दुष्काळात गावच उठते, मुले राहत नाहीत, शाळेला अर्थ उरत नाही, म्हणून तो जातो. तेथे निर्णय निसर्गाने घेतलेला आहे. मास्तरावर दोष येत नाही आणि म्हणून निवडीचा ताणही येत नाही. तो ताण मराठी कादंबरीत सविस्तर आणला तो चांगदेव पाटीलने.

चांगदेव पाटील : सोडण्यातील नीती

चांगदेव हा खानदेशातील शेतकरी कुटुंबातून आलेला तरुण. ‘बिढार’मध्ये तो मुंबईच्या साहित्यिक मित्रमंडळात वावरतो आणि अखेर तो सगळा पसारा मागे ठेवून आडगावच्या महाविद्यालयात शिकवायला निघतो. पुढील तीन कादंबऱ्यांत त्याचे अध्यापकीय जीवन येते. स्वतः नेमाडे यांनी अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी इंग्रजीचे अध्यापन केलेले असल्याने चांगदेवमध्ये लेखकाला शोधण्याचा मोह समीक्षकांना झाला. परंतु चतुष्टयाची रचना या वाचनाला पुरेशी साथ देत नाही. ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर स्वतःची कथा स्वतः सांगतो; चांगदेवची कथा मात्र तृतीयपुरुषी निवेदनातून येते. या बदलामुळे चांगदेव हा सांगणारा न राहता पाहिला जाणारा होतो. त्याची चीड, त्याचा तुसडेपणा, त्याची पळवाटही वाचकाला बाहेरून दिसते. निवेदनाने त्याला सहानुभूती दिली आहे. निर्दोषत्व दिलेले नाही.

चारपैकी तीन शीर्षके या दृष्टीने सूचक आहेत. ‘बिढार’ म्हणजे पाठीवर वाहून नेण्याजोगा फिरता संसार. भाड्याची खोली, थोडे सामान आणि केव्हाही निघण्याची तयारी ही चांगदेवची राहण्याची रीत त्यात येते. ‘हूल’ म्हणजे चकवा. महाविद्यालय, ज्ञान, प्रतिष्ठा यांनी दिलेले वचन प्रत्यक्षात चकवा निघते. ‘झूल’ म्हणजे पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ते नक्षीदार वस्त्र. प्राध्यापकी ही अशी झूल आहे. ती अंगावर असताना बैल देखणा दिसतो, परंतु दुसऱ्या दिवशी त्याच मानेवर जू येते. ज्या प्रदेशात मुलगा ‘प्राध्यापक झाला’ हे वाक्य गावभर सांगितले जाते, तेथे या प्रतिमेची बोच वेगळी स्पष्ट करावी लागत नाही.

चांगदेवचे दुःख कशाचे आहे? वेतन कमी आहे एवढेच ते नाही. वर्गात शिकविण्यात त्याला अर्थ वाटतो. त्या अर्थाभोवतीची व्यवस्था त्याला सहन होत नाही. संस्थाचालकांचे गट, जातींचे हिशेब, प्राचार्यांच्या मर्जीचे राजकारण, परीक्षेतील तडजोडी, सहकाऱ्यांची लाचारी आणि त्या लाचारीला व्यवहारज्ञान म्हणण्याची पद्धत यांनी तो घेरलेला आहे. त्याची अडचण अशी की या व्यवस्थेत राहायचे तर तिची भाषा बोलावी लागते आणि भाषा बोलता बोलता माणूस तिचा होतो. त्यामुळे त्याच्या जाण्यामागे एक भय आहे. आपण दुःखी आहोत या भयापेक्षा, काही काळाने आपल्याला दुःख होणेही थांबेल, हे भय मोठे आहे. चांगदेवच्या सोडण्याला नीतीचे मोल येते ते येथे. दुःख ही त्याच्या दृष्टीने टाळण्याची गोष्ट नसून जिवंतपणाची खूण आहे. ती खूण पुसली जाण्याआधी निघणे हा त्याचा नियम आहे.

मराठी समीक्षेने चांगदेवच्या भटकेपणाचे वर्णन परात्मता, मूल्यशोध, भणंगपणा अशा संज्ञांनी केले आहे. त्या संज्ञा चुकीच्या नाहीत, परंतु त्या सर्व ‘तो का सोडतो’ या प्रश्नाची उत्तरे आहेत. ‘त्याला सोडता का येते’ हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

सोडता येण्याच्या अटी

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चतुष्टयाच्या पार्श्वभूमीत आहे. पहिला आधार म्हणजे दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता. स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशके ही महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, महाविद्यालयांच्या उभारणीची होती. निजामी राजवटीत जेथे उच्च शिक्षणाची सोय नाममात्र होती, तेथे १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय आले. तालुक्यातालुक्यांत वर्ग उघडत होते आणि इंग्रजीचा एम. ए. झालेला शिक्षक दुर्मीळ होता. चांगदेव भांडून निघाला तरी पुढच्या गावात त्याची गरज होती. त्याच्या स्वाभिमानाला बाजारभाव होता, असे कठोरपणे म्हणता येईल.

दुसरा आधार घरच्या शेतीचा. चांगदेव घरापासून तुटलेला असला तरी निराधार नाही. त्याच्या मिळकतीवर चूल अवलंबून असलेले कुटुंब त्याच्यामागे नाही. तिसरा आधार एकटेपणाचा. ‘हूल’मधील पारू सावनूरविषयीचे त्याचे प्रेम संसारापर्यंत पोहोचत नाही. भावनिकदृष्ट्या हे त्याचे दारिद्र्य आहे, परंतु राजीनाम्याच्या दृष्टीने ती सवलत आहे. ज्याच्या खोलीत एकाच माणसाचे बिढार असते त्याला ते एका रात्रीत बांधता येते. शाळेत जाणारी मुले, आईचे औषधपाणी, बहिणीचे लग्न, सोसायटीचे कर्ज असलेला माणूस तेच दुःख भोगत असला तरी त्याला ते बांधता येत नाही.

या तीन आधारांचा उल्लेख चांगदेवच्या नैतिकतेचे अवमूल्यन करण्यासाठी नाही. सोय असूनही सोडत नाहीत असे अनेक जण त्याच्या अवतीभवती आहेतच. मुद्दा एवढाच की चांगदेवचे धैर्य हे अनुकूल हवामानात उगवलेले पीक आहे. त्यावरून कोरडवाहू रानातल्या माणसाला भित्रा ठरविता येणार नाही.

मागे राहिलेली संस्था

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, संस्था बिघडू लागली असता माणसासमोर कोणते मार्ग असतात, याची मांडणी केली. बाहेर पडणे, आतून आवाज उठविणे आणि या दोहोंमधील निवडीवर परिणाम करणारी निष्ठा अशी ही त्रयी आहे. त्यांचे एक निरीक्षण येथे विशेष उपयोगी आहे. दर्जाविषयी सर्वांत जागरूक असलेली माणसे सर्वांत आधी बाहेर पडतात आणि त्यामुळे आवाज उठवू शकणारेच संस्थेत उरत नाहीत. बिघडलेली संस्था मग निर्धास्त होते.

चांगदेवच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. तो गेल्याने कोणत्याही महाविद्यालयाचे काही बिघडत नाही. उलट संस्थाचालकांना हायसे वाटावे अशीच ही घटना असते. तोटा होतो तो वर्गातल्या मुलांचा. ज्या शिक्षकाला शिकविण्यात अर्थ वाटत होता तो गेला आणि ज्याला फक्त टिकण्यात अर्थ वाटतो तो राहिला. चतुष्टयातील नीती ही अशा रीतीने स्वतःला स्वच्छ ठेवण्याची नीती आहे. परिसर स्वच्छ करण्याची नव्हे. कादंबरीने हे लपविलेले नाही. तरीही वाचक चांगदेवच्या नजरेने पाहू लागतो तेव्हा मागे राहणारे सगळेच त्याला लाचार दिसू लागतात, ही या कादंबऱ्यांची एक अडचण आहे.

राहणे म्हणजे लाचारीच, असे मराठवाड्याचा शैक्षणिक इतिहास सांगत नाही. नरहर कुरुंदकर यांनी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेतील शिक्षक ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य असा प्रवास त्याच गावात केला आणि आपल्या व्याख्यानांनी व लेखनाने तेथूनच महाराष्ट्राशी वाद घातला. अशा राहण्याला आवाज होता. सामूहिक आवाजाचेही उदाहरण आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्या संघटनेने परीक्षेच्या कामावर दीर्घ बहिष्कार टाकला. नेट-सेट नसलेल्या अध्यापकांच्या सेवेचा प्रश्न त्यामागील प्रमुख प्रश्नांपैकी एक होता. त्या आंदोलनाविषयी मतभेद असू शकतात. परंतु राजीनामा आणि मौन यांच्या मधोमध आणखी एक जागा असते, हे त्यातून दिसले. चांगदेवच्या जगात ही जागा जवळपास रिकामी आहे.

‘बारोमास’ : दाराबाहेरचा माणूस

चतुष्टयानंतर सुमारे पाव शतकाने आलेल्या ‘बारोमास’मध्ये चित्र पूर्ण पालटलेले आहे. एकनाथकडे पदव्या आहेत, शिकविण्याची इच्छा आहे, परंतु शिक्षणसंस्थेच्या दारात मागितली जाणारी देणगी नाही. चांगदेवला ज्या संस्थेतून बाहेर पडावेसे वाटते, तिच्या आत जाण्यासाठी एकनाथला पैसे मोजावे लागणार आहेत. कोरडवाहू शेती, नापिकी आणि कर्ज यांत अडकलेल्या कुटुंबाजवळ हे पैसे उभे करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जमीन विकणे. धाकटा भाऊ मधू याला शेतीपेक्षा नोकरीचा सौदा शहाणपणाचा वाटतो. वडील सुभानराव यांना काळी आई विकण्याची कल्पना सहन होत नाही. शहरी वळणाची पत्नी अलका हिने शिकलेल्या नवऱ्याशी लग्न केले ते नोकरीच्या भरवशावर. तो भरवसा फोल ठरल्यावर संसारच मोडकळीस येतो.

‘राजीनामा’ या शब्दाचा जुना अर्थ येथे अनपेक्षितपणे परत येतो. नोकरी मिळविण्यासाठी आधी जमिनीचा राजीनामा द्यायचा, हा एकनाथच्या घरासमोरचा पर्याय आहे. ‘उत्तम शेती’ म्हणणारी म्हण उलटी होऊन तिच्या डोक्यावर उभी राहिली आहे. अशा रीतीने घेतलेली नोकरी पुढे कितीही दुःखाची निघाली तरी ती सोडता येईल काय? जिच्या बदल्यात वडिलांचे रान गेले, ती नोकरी सोडणे म्हणजे रान दुसऱ्यांदा गमावणे होय. देणगी ही केवळ प्रवेशाची किंमत राहत नाही. ती राजीनाम्यावर आगाऊ घातलेली बेडी ठरते. एकनाथ आत गेला नाही म्हणून हे कादंबरीत प्रत्यक्ष घडत नाही. परंतु ‘बारोमास’चे वाचन चांगदेवच्या शेजारी ठेवून केले की ही बेडी स्पष्ट दिसते.

अलकाकडे पाहण्याची रीतही या निमित्ताने तपासली पाहिजे. तिला केवळ हट्टी, शहरी हौसेची बायको समजून वाचणे सोपे आहे. परंतु संपूर्ण कादंबरीत सोडण्याचा निर्णय प्रत्यक्षात घेणारे पात्र कोण, असे विचारल्यास तिचे नाव पुढे येते. तिच्याजवळ ना पगार आहे ना जमीन. तिला सोडता येते ते घर. पुरुषांच्या नोकरीविषयीच्या निर्णयांची किंमत त्या निर्णयात मत नसलेल्या स्त्रीला कशी मोजावी लागते, हे ‘बारोमास’मध्ये आहे आणि चतुष्टयात, नायक एकटा असल्यामुळे, ते येऊच शकले नाही.

कायदा, व्यवस्था आणि राजीनाम्याचा कागद

या वाचनाला एका कायद्याची जोड देणे उचित ठरेल. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ यातील कलम ७ केवळ राजीनाम्याच्या पद्धतीसाठी आहे. राजीनामा दोन प्रतींत असावा, दोन्हींवर सही व तारीख असावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, अशी ही तरतूद आहे. नियमांनुसार कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची पूर्वसूचना द्यावयाची असते. रोज भेटणाऱ्या मुख्याध्यापकाच्या हाती कागद न देता टपालाने का पाठवायचा? कारण, ज्याची स्वेच्छा शाबूत आहे त्याला टपालाची गरज नसते; ज्याच्याकडून सही करून घेतली जाऊ शकते त्याला ती असते. राजीनामा हा माणसाच्या स्वातंत्र्याचा कागद असतो तसाच त्याच्याविरुद्धचा हत्यारही असतो, ही जाणीव या कलमामागे आहे. चांगदेवच्या साठोत्तर जगात हे संरक्षण अजून आलेले नव्हते.

कायद्याने दिलेल्या या संरक्षणाला पुढच्या काळात बाजूने वाटा फुटल्या. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर गेली. २०२३ मध्ये हे मानधन वाढून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झाले. विनाअनुदानित तुकड्या आणि वरिष्ठ महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील नेमणुका यांमुळे असा एक अध्यापकवर्ग तयार झाला, जो वर्षानुवर्षे शिकवितो परंतु नोकरीत असतो असे म्हणता येत नाही. शैक्षणिक वर्ष संपले की त्याचे काम आपोआप संपते. त्याला राजीनामा द्यावा लागत नाही आणि देताही येत नाही. चांगदेव आत होता, एकनाथ बाहेर होता; हा अध्यापक उंबरठ्यावर आहे. उमरी, धर्माबाद, भोकर, देगलूर अशा तालुक्यांच्या गावांतील महाविद्यालयांना हा वर्ग अपरिचित नाही.

या वर्गापुढील पेच दोन्ही कादंबऱ्यांतील पेचांहून अधिक गुंतागुंतीचा आहे. सोडावे तर आजवरची वर्षे वाया गेली असे वाटते. राहावे तर पुढची वर्षेही त्याच वाटेने जाण्याची भीती असते. गेलेली वर्षे परत मिळत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी पुढची वर्षे देणे तर्काला धरून नाही. हे खरे असले तरी आशा तर्काने चालत नाही. जाहिरात निघेल, पद मंजूर होईल, आपला नंबर लागेल ही आशा नोकरीपेक्षा जास्त घट्ट पकडते. या उंबरठ्यावरच्या माणसाची कादंबरी चतुष्टयाच्या ताकदीने लिहिली जाणे ही मराठी साहित्याची आजची गरज आहे.

निष्कर्ष

१. नोकरी सोडण्याच्या कृतीला मराठी परंपरेने त्याग, मूर्खपणा किंवा आपत्ती या तीनच रूपांत ओळखले. दुःख हे सोडण्याचे पुरेसे कारण असू शकते, हा विचार मराठी कादंबरीत ठळकपणे ‘चांगदेव चतुष्टया’ने आणला.

२. चांगदेवच्या सोडण्यामागे स्वतःची संवेदना बधिर होऊ न देण्याची नीती आहे. ती पळवाट नव्हे. तथापि महाविद्यालयांचा विस्तार, घरची शेती आणि एकटेपण या तीन आधारांवाचून ती आचरणात आली नसती.

३. बाहेर पडल्याने व्यक्ती वाचते, संस्था सुधारत नाही. म्हणून निर्णयाचा विचार करताना ‘आपण दुःखी आहोत काय’ या प्रश्नाबरोबर ‘आपल्या राहण्याला काही आवाज उरला आहे काय’ हा प्रश्न विचारावा लागतो. आवाज उरला असेल तर राहणे लाचारी ठरत नाही. तो उरला नसेल तर राहण्याला निष्ठा म्हणता येत नाही.

४. ‘बारोमास’ने या चर्चेचा पायाच बदलला. ज्या समाजात नोकरी जमीन विकून घ्यावी लागते तेथे राजीनाम्याचे स्वातंत्र्य नेमणुकीच्या दिवशीच संपते. तेथे न सोडणाऱ्याला भित्रा म्हणणे हा अन्याय आहे.

५. सोडण्याची किंमत निर्णय घेणारा एकटा देत नाही. त्या निर्णयात मत नसलेली पत्नी, आईवडील, विद्यार्थी हेही ती देतात. चतुष्टयाच्या नीतीत ही माणसे नाहीत. ‘बारोमास’मध्ये ती आहेत, पण त्यांच्यापुढे निवडीला जागा नाही.

समारोप

‘सोडावे की राहावे’ या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे उत्तर साहित्यात शोधणे व्यर्थ आहे. साहित्य एवढेच दाखवू शकते की दोन माणसांचे दुःख सारखे असले तरी त्यांच्या दारांची रुंदी सारखी नसते. चांगदेवच्या वाचकाने स्वतःच्या बधिरतेची भीती बाळगावी आणि एकनाथच्या वाचकाने दुसऱ्याच्या न सोडण्याचा निवाडा करताना थांबावे, हा या दोन लेखकांच्या एकत्र वाचनाचा लाभ होय. राजीनाम्यातला ‘राजी’ हा शब्द खरा व्हायचा असेल, तर राहणाऱ्याला मानाने राहता आले पाहिजे आणि जाणाऱ्याला उपाशी न राहता जाता आले पाहिजे. ही जबाबदारी एकट्या व्यक्तीच्या धैर्यावर सोडून देणारा समाज तिच्या दुःखाचा वाटेकरी ठरतो.